घरगुती केचप : पाकशास्त्र, पथ्य आणि आपली जबाबदारी

पथ्यापथ्य सांगताना आपण लोणचे, पापड, दही, ब्रेड, बेकरीचे पदार्थ यांची नावे न चुकता घेतो. केचपचे नाव मात्र त्या यादीत क्वचितच येते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गावी किराणा दुकानात आज केचपची बाटली मिळते. पोळी, पराठा, पोहे, धपाटे, भजी या सर्वांबरोबर मुले ते मागतात व पालक देतात. भाजी न खाणारे मूल केचप लावून पोळी खाते, एवढ्यावर घरातील मंडळी समाधान मानतात. अशा स्थितीत ‘बाटली बंद करा’ एवढे सांगून वैद्याचे काम संपत नाही. निषेध केलेल्या पदार्थाच्या जागी काय द्यावे, कसे करावे व किती द्यावे, हेही वैद्यानेच सांगावयास हवे. या विषयाची दुसरी बाजू आपल्या औषधनिर्मात्या बांधवांशी संबंधित आहे. घरगुती व ‘आयुर्वेदिक’ केचपला मागणी आहे हे दिसताच ते काढण्याचा मोह अनेकांना होत आहे. या दोन्ही बाजूंविषयी आमचे मत आम्ही येथे मांडत आहोत.

पदार्थ परका, तत्त्व परिचित

केचप हा शब्द चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोलीतून आला असे भाषातज्ज्ञ मानतात. मुळात ते माशांपासून आंबवून केलेले खारट द्रव होते, त्यात टोमॅटो नव्हता. टोमॅटोचे केचप करण्याची छापील कृती अमेरिकेत १८१२ मध्ये आढळते. टोमॅटो हे फळही मूळचे दक्षिण अमेरिकेतील असल्याने आपल्या संहितांत त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. परंतु अनुक्त द्रव्याचा विचार कसा करावा, याचे मार्गदर्शन चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात केलेलेच आहे. जगातील कोणतेही द्रव्य औषधत्वापासून वंचित नाही, आणि जे ग्रंथात सांगितलेले नाही त्याचे गुण त्या त्या देशातील लोकांच्या अनुभवावरून जाणून घ्यावेत, असा त्याचा आशय आहे. तेव्हा ‘निघंटूत नाही’ म्हणून टोमॅटोचा विचारच करावयाचा नाही, ही भूमिका शास्त्राला धरून नाही.

केचपच्या जातीचे पदार्थ तर आपल्याला नवीन नाहीतच. चरक-सुश्रुतांच्या आहारविषयक अध्यायांत राग व षाडव यांचा निर्देश आहे. आंबट फळे, गोडी, लवण व मसाल्याची द्रव्ये यांच्या संयोगाने होणारे हे रुचकर पदार्थ होत. महाराष्ट्रातील घरांत चिंच, गूळ, तीळ, शेंगदाणे व मिरची यांचे पंचामृत होते, कैरीचा मेथांबा होतो, कैरी-कांद्याचा टक्कू होतो. आंबट, गोड, खारट व तिखट या रसांचा मेळ घालून मुख्य अन्नाला रुची आणणे हाच या सर्वांचा हेतू. केचप त्याच कुळातील आहे. फरक पडतो तो मात्रेचा. पंचामृत पानात चमचाभर वाढले जाते, केचप मात्र बाटली उपडी करून ओतले जाते.

बाटलीत काय असते

बाजारातील केचपवर टीका करताना वस्तुस्थिती नीट ठाऊक असावी. भारतीय अन्नमानकांनुसार टोमॅटो केचपमध्ये मीठ वगळून एकूण विद्राव्य घनांश २५ टक्क्यांहून कमी नसावा व आम्लता ॲसिटिक आम्लाच्या हिशेबाने किमान १ टक्का असावी लागते. पिकलेल्या टोमॅटोच्या रसात घनांश जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. तो पंचवीसपर्यंत न्यावयाचा म्हणजे रस आटवावा तरी लागतो, किंवा त्यात साखर तरी घालावी लागते. प्रत्यक्षात दोन्ही केले जाते. मोठ्या चमचाभर केचपमध्ये साधारण चहाच्या चमचाभर साखर जाते. मूल एका वेळी तीन-चार चमचे खात असेल तर हिशेब पालकांसमोर मांडून दाखवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे असे सांगितले आहे. केचपमधील मीठ गोडीखाली झाकले जात असल्याने ते जाणवत नाही, ही गोष्टही लक्षात आणून द्यावी.

‘त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असते’ हा आपला आवडता आक्षेप. सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक ठरावीक मर्यादेत घालण्यास कायद्याने मुभा आहे. परंतु हा आक्षेप घेताना आपल्या स्वतःच्या कपाटाकडेही पाहिले पाहिजे. आपण रुग्णांना देतो त्या अनेक प्रवाही क्वाथांत व सिरपांत हेच सोडियम बेंझोएट असते, आणि आयुर्वेदीय औषधांत परिरक्षकादी द्रव्ये घालण्यास औषध व प्रसाधन नियमांतील १६९ क्रमांकाच्या नियमाने वाव दिलेला आहे. केचपमध्ये ते विष आणि आपल्या बाटलीत ते निरुपद्रवी, असा दुहेरी न्याय सुशिक्षित रुग्णाला पटत नाही. केचपविषयी खरा आक्षेप साखर, मीठ, आम्लता व मात्रा यांवर घ्यावा. तो शास्त्रीयही आहे आणि रुग्णाला सहज समजणाराही आहे.

या संदर्भात अमेरिकेतील एक इतिहास उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे केचपमधील बेंझोएटवरून मोठा वाद झाला. सरकारी रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली हे परिरक्षकांचे कडवे विरोधक होते. १९०६ मध्ये तेथे शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. त्याच सुमारास हाइन्झ कंपनीने बेंझोएटविरहित केचप बाजारात आणले. त्यासाठी पूर्ण पक्व टोमॅटो, अधिक शिर्का, अधिक साखर व कारखान्यातील कडक स्वच्छता यांचा आधार घेण्यात आला. आम्लता, गोडी, आटवणे व स्वच्छता ही चार साधने नीट वापरली तर पदार्थ टिकतो, हे त्यातून दिसून आले. अवलेह व संधान करणाऱ्या वैद्याला यात नवीन ते काय वाटावे? मात्र रसायन काढले की साखर वाढते, हाही धडा त्यातच आहे.

अवलेहाच्या दृष्टीने केचप

आमच्या मते केचपकडे अवलेहकल्पनेच्या दृष्टीने पाहिले तर घरच्या गृहिणीला ते शिकविणे वैद्याला सर्वांत सोपे जाते. शार्ङ्गधरांनी सांगितलेली पाकसिद्धीची लक्षणे आपल्याला पाठ आहेत. तंतू सुटणे, पाण्यात टाकल्यास न पसरता बुडणे, दाबल्यास बोटाची मुद्रा उमटणे, गंध-वर्ण-रसांची उत्पत्ती होणे. केचपचा पाक इतका खर नसतो, तो लेह्य व मृदू असतो. परीक्षा मात्र त्याच वळणाची. थंड बशीवर थेंब टाकावा. थेंबाभोवती पाणी सुटले तर पाक कच्चा, थेंब जागीच राहिला व कडेला पाणी दिसले नाही तर पाक सिद्ध.

कृतीचे प्रमाण सांगतो. गाळलेला टोमॅटोचा रस एक किलो, साखर ५० ते ७५ ग्रॅम, सैंधव १० ग्रॅम, कांदा ५० ग्रॅम, आले १० ग्रॅम, लसूण ५ ग्रॅम, लाल मिरचीची पूड ५ ग्रॅमपर्यंत, शिर्का २५ मिलिलिटर. दालचिनी, मिरी, जिरे व चार-पाच लवंगा जाडसर कुटून घ्याव्यात. टोमॅटो पूर्ण पिकलेले, लाल व गरदार निवडावेत. हिरवट वा डागाळलेले वगळावेत. धुऊन, चिरून, स्वतःच्याच पाण्यात शिजवून ते चाळणीतून गाळावेत. चिरलेला कांदा, आले, लसूण व मसाले स्वच्छ फडक्याच्या पोटलीत बांधून ती रसात सोडावी. दोलायंत्राचा परिचय असणाऱ्यांस याचे प्रयोजन सांगावयास नको. सुगंध व तीक्ष्णता रसात उतरते, चोथा व काळेपणा उतरत नाही. साखरेचा तिसरा हिस्सा आरंभी घालावा, उरलेली साखर व मीठ रस बराच आटल्यावर घालावे. त्यामुळे रंग टिकतो. पोटली पिळून काढावी. शिर्का अगदी शेवटी घालावा, कारण तो उडून जाणारा आहे. एक किलो रसापासून सुमारे चारशे ग्रॅम केचप मिळते.

पात्र स्टीलचेच घ्यावे. तांबे, कल्हई नसलेले पितळ व ॲल्युमिनियम ही आम्ल पदार्थास वर्ज्य होत. लोखंडाच्या कढईने रंग काळवंडतो. शिर्का आंबवून तयार केलेला घ्यावा. पातळ केलेल्या ॲसिटिक आम्लाचा कृत्रिम शिर्का स्वस्त असतो, पण आपल्या शुक्तकल्पनेशी नाते आहे ते आंबवलेल्या शिर्क्याचे. तो नसल्यास लिंबाचा रस चालतो.

स्वाद आणि दोषविचार

आपला प्रदेश या बाबतीत भाग्यवान आहे. तासगाव परिसरात बेदाणा होतो, आटपाडीकडे डाळिंब होते, कृष्णाकाठी गूळ व हळद आहे, महाबळेश्वर-पाचगणीच्या फळप्रक्रियेने तर सर्वत्र नाव मिळविले आहे. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये व हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या द्रव्यांचा उपयोग करून प्रकृती व ऋतूनुसार निरनिराळ्या स्वादांचे केचप घरच्या घरी करता येते.

बेदाण्याचे केचप : साखरेऐवजी भिजवून वाटलेला बेदाणा घालावा. द्राक्षा मधुर, शीत व अनुलोमन असल्याने मलावष्टंभ असणाऱ्या मुलांस हे त्यातल्या त्यात योग्य. पिवळाधमक बेदाणा बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो व सुकविण्यापूर्वी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडविलेली असतात. म्हणून गंधकाची धुरी न दिलेला, तपकिरी बेदाणा निवडून कोमट पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावा.

डाळिंबाचे केचप : शिर्क्याच्या जागी आंबटगोड डाळिंबाचा आटवलेला रस घालावा. आम्ल द्रव्ये सामान्यतः पित्तकर असली तरी दाडिम व आमलकी हे त्याला अपवाद आहेत. पित्तप्रकृतीच्या मुलास द्यावयाचेच असेल तर हा पर्याय बरा.

आवळ्याचे केचप : हिवाळ्यात निम्मा टोमॅटो व निम्मा वाफवलेल्या आवळ्याचा गर घ्यावा, जिरे वाढवावे, लसूण वगळावा. तुरटपणामुळे ते आपोआपच कमी खाल्ले जाते, हा त्याचा गुणच समजावा.

चिंच-गुळाचे केचप : खजूर, चिंच, गूळ व सुंठ यांच्या योगाने होणारे हे वातशामक व रुचिकर. कफ-पित्त वाढलेल्यांस देऊ नये.

आले-लसणाचे केचप : दीपन, कफवातघ्न, वर्षा ऋतूत अल्प मात्रेत उत्तम. ग्रीष्मात व शरदात वर्ज्य.

हळद या सर्वांत चिमूटभर चालते. अधिक घातल्यास कडवटपणा येतो व मुले ते नाकारतात.

काही ठिकाणी ‘साखरेऐवजी मध घाला’ असा सल्ला आरोग्यविषयक सदरांतून दिला जातो. मध अग्नीवर चढविणे शास्त्राने स्पष्ट निषिद्ध मानले आहे. वैद्याने हा सल्ला देऊ नये व कोणी देत असल्यास सौम्य शब्दांत खोडून काढावा. तसेच गूळ, बेदाणा वा खजूर वापरला म्हणून ते प्रमेही रुग्णास निर्धोक होत नाही. सैंधव वापरले म्हणून उच्च रक्तदाबाच्या रुग्णास मोकळीक मिळत नाही, कारण सैंधवही मुख्यतः मीठच आहे. अम्लपित्त, शीतपित्त, त्वग्विकार व मुखपाक असताना कोणत्याही स्वादाचे केचप देऊ नये. वृक्कविकाराच्या रुग्णास तर आटवलेल्या टोमॅटोतील पोटॅशियमही त्रासदायक ठरते. दूध व आम्ल यांचा संयोग विरुद्ध असल्याने केचप-पोळीबरोबर दुधाचा पेला देण्याची घराघरांतील सवय मोडावी.

‘घरचे’ म्हणजे निर्धोक नव्हे

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ‘घरी केले म्हणजे सुरक्षित’ हा समज जितका गोड तितकाच धोक्याचा. शार्ङ्गधरांनी अवलेहाची वीर्यमर्यादा एक वर्षाची सांगितली, ती खूप अधिक शर्करा असलेल्या घट्ट पाकाला उद्देशून. केचपमध्ये शर्करा त्यामानाने अल्प असते व पाणी भरपूर उरते. आपण साखर कमी केली की टिकण्याची शक्तीही कमी होते. पथ्यकर व टिकाऊ या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत पूर्णांशाने मिळत नाहीत, हे रुग्णाला आधीच सांगावे.

टोमॅटोचा सामू साधारण ४.२ ते ४.६ असतो. सामू ४.६ च्या वर गेल्यास हवाबंद बाटलीत बोट्युलिनम जातीच्या घातक जिवाणूंची वाढ होण्याचा संभव असतो. अतिपक्व टोमॅटोची आम्लता कमी झालेली असते, आणि कांदा, लसूण, भोपळा, बीट असे कमी आम्ल पदार्थ मिसळले तर ती आणखी घटते. म्हणून शिर्का वा लिंबू हे केवळ चवीसाठी नसून रक्षणासाठी आहेत. ते वगळू नयेत. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत केचप गरम असतानाच भरावे, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे, कोरड्या चमच्याने काढावे व तीन आठवड्यांत संपवावे. बुडबुडे, फेस, आंबूस वास वा बुरशी दिसल्यास वरचा थर काढून उरलेले वापरू नये, संपूर्ण टाकून द्यावे. आसवात फेस येणे हे संधानाचे लक्षण, केचपमध्ये ते नाशाचे लक्षण होय.

औषधनिर्मात्या बांधवांस

टोमॅटोचे भाव कसे चढतात व कसे कोसळतात हे आपण सारे पाहतो. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांहून अधिक मोजावे लागले, आणि काही महिन्यांतच भाव घसरून शेतकऱ्यांवर माल रस्त्यावर ओतण्याची पाळी आली. अशा वेळी आपल्याकडे कढया आहेत, बाटल्या भरण्याची सोय आहे, पाक जाणणारी माणसे आहेत, मग केचप का काढू नये, असा विचार कोणाच्या मनात आल्यास तो गैर नाही. शेतकऱ्याचा माल वाया जाऊ नये यात पुण्यही आहे. आमचा आक्षेप उत्पादनाला नाही. तो लेबलाला आहे.

प्रदर्शनांतून व दुकानांतून ‘त्रिदोषशामक’, ‘रक्तशुद्धिकर’, ‘मुलांची बुद्धी वाढविणारा’ अशा शब्दांनी सजलेल्या सॉसच्या बाटल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यातील घटकांची यादी वाचली तर टोमॅटो, साखर, मीठ आणि नावापुरती ब्राह्मी किंवा तुळस. हा ग्राहकाला आणि शास्त्राला दोघांनाही फसविण्याचा प्रकार आहे. औषधाचा परवाना हा अन्न विकण्याचा परवाना नव्हे. अन्नपदार्थासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना स्वतंत्र लागतो. अन्नपदार्थाच्या जाहिरातीत रोगनिवारणाचा दावा करण्यास २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक विनियमांनी मज्जाव केला आहे.

२०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ विनियम आले. त्यांनी आपल्यासाठी एक सरळ दार उघडले आहे. अधिकृत ग्रंथांची सूची त्यास जोडलेली आहे, त्या ग्रंथांतील आहारकल्प त्या नावाने करता येतात. वेष्टनावर ते केवळ आहारार्थ असल्याचे नमूद करावे लागते व दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असे पदार्थ काढता येत नाहीत. टोमॅटोचे केचप ग्रंथोक्त म्हणून दाखविणे आमच्या मते सचोटीला धरून होणार नाही. परंतु दाडिम, द्राक्षा, आमलकी, चिंच यांचे राग-षाडव हे तर आपलेच आहेत. केचपवर ‘आयुर्वेद’ असे नाव चिकटविण्यापेक्षा आपले स्वतःचे राग-षाडव त्यांच्याच नावाने, प्रामाणिक घटकसूचीसह बाजारात आणणे अधिक सन्मानाचे होईल. सांगलीचा बेदाणा व आटपाडीचे डाळिंब यांना त्यातून हक्काचे गिऱ्हाईकही मिळेल. आणि ज्यांना टोमॅटोचे केचपच काढावयाचे आहे, त्यांनी ते चांगल्या प्रतीचे, कमी साखरेचे केचप म्हणून, कोणताही रोगदावा न करता खुशाल काढावे.

एका बाटलीवरील खोट्या शब्दाने फार काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की, केचपवरील ‘रक्तशुद्धिकर’ शब्दावरचा विश्वास उडाला की महामंजिष्ठादी काढ्यावरील त्याच शब्दावरचा विश्वासही उडतो. औषधाचे नाव अन्नावर खर्च केले की औषधाची पत उरत नाही. आणि ती पत वैद्य व औषधनिर्माता यांची सामाईक ठेव आहे.

वैद्यांस विनंती

चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीची आठ आयतने सांगितली. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. केचपसारख्या नव्या पदार्थाचा निर्णय करण्यास हीच पुरेशी आहेत. टोमॅटो चांगला आहे का, नीट आटवला आहे का, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कोणत्या ऋतूत, कोणत्या मुलाने, हे प्रश्न विचारले की उत्तर आपोआप मिळते. यांपैकी ‘राशी’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चहाचा एक चमचा, तोही आठवड्यातून दोन-तीनदा, आणि बाटली ताटाजवळ न ठेवता मोठ्यांनी वाढायचे, एवढा नियम घरात पाळला गेला तरी निम्मे काम होते.

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती अशी की, केचपची कृती व तीन आठवड्यांची मर्यादा एका कागदावर छापून आपल्या चिकित्सालयात ठेवावी व पालकांना द्यावी. पथ्य लिहून दिले म्हणजे ते घरात पाळले जाण्याची शक्यता वाढते, तोंडी निषेध दाराबाहेर विसरला जातो. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी हिवाळ्यात, टोमॅटो, आवळा व डाळिंब एकाच वेळी मिळतात तेव्हा, महिला बचत गटांसाठी राग-षाडव व केचप यांची प्रात्यक्षिके घ्यावीत. त्यात सामू-पट्टीने आम्लता कशी पाहावी व पाक कसा ओळखावा हे औषधनिर्मात्यांनी शिकवावे, आणि कोणी खाऊ नये हे वैद्यांनी सांगावे. या कामी ज्यांची तयारी असेल त्यांनी आपापल्या तालुका शाखेकडे नावे नोंदवावीत.